मांडवीचा तांडेल प्यालेला नव्हता

जे मी आता लिहितो आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिला माझं सगळं कळायचं — कुठल्या खिशात तंबाखूची पुडी आहे, कुठल्या पाहुण्याशी मी वरवर गोड बोलतो आहे, सगळं. हे एक मात्र तिच्याही हाती लागलं नाही. लपवलं असं तरी कसं म्हणू? कुणी विचारलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तेही खरं नाही. एकदा विचारलं होतं. तीस-पस्तीस माणसांसमोर, उन्हात, सरळ विचारलं होतं. त्याबद्दलच हे आहे.

पण सुरुवात मला माझ्यापासून करवत नाही. ती त्या बाईपासून करू द्या. तिच्याबद्दल लिहिताना निदान काही खोडावं लागत नाही.

तिचं नाव मंगलाताई. रत्नागिरीची. खारवी समाजातली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या होड्यांवर पोसलेलं घर. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पन्नाशीची असेल. नऊवारी नाही, पंजाबी ड्रेस नाही — साधी सुती पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. ती पर्यटकांना पायी बंदर दाखवायची. सकाळी सातला किल्ल्यावर सुरुवात, संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर शेवट. मधल्या टप्प्यांना रिक्षा किंवा बस, पण जिथे बघायचं तिथे पायीच. एक अख्खा दिवस.

आमचा कोल्हापूरला रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांचा गट होता. तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सहलवाल्याने आम्हाला गाठलं, म्हणाला, दोन दिवस रत्नागिरी, पायी फेरीसह. आमच्यात बिद्रीचे तात्या होते — ऊस, म्हशी, दोन मुलगे, आणि आवाज असा की रंकाळ्याच्या या काठावर बोलले तर पलीकडच्या काठावरचा माणूस मागे वळून बघेल. शांताक्का होत्या. जैन शेतकरी घरातल्या, माहेर सीमेकडचं, म्हणून सगळ्या गटाच्या त्या अक्का. आणि मी — उचगावचा, हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. मला सगळे मास्तर म्हणत. वाट कुठली, जेवण कुठे, हे तात्या ठरवत. पण देवळातला शिलालेख कुठल्या काळातला, हे मला विचारत. मी सांगितलं की विषय संपायचा. ही एवढी एक माझी मिळकत होती. ती मला फार प्यारी होती, हे आता लिहून टाकतो.

सकाळी किल्ल्यावर मंगलाताई आम्हाला भेटली. भगवतीचं दर्शन झालं, आणि ती आम्हाला तटाच्या कडेला घेऊन गेली. मला वाटलं, आता ही सनावळी सुरू करणार. तिने काय केलं असेल? सगळ्यांना गप्प उभं केलं. तात्यांसकट. म्हणाली, दोन मिनिटं फक्त ऐका, आणि वारा कुठल्या गालावर लागतो ते मला सांगा. कोल्हापूरची तीस-पस्तीस माणसं दोन मिनिटं गप्प — हा स्वतःच एक चमत्कार होता. मग तिने त्या वाऱ्यावरून सांगितलं की शिडाचं गलबत कुठून आत येणार, कुठे थांबणार, आणि किल्ला असा घोड्याच्या नालासारखा समुद्रात का शिरला आहे. मी पस्तीस वर्षं वर्गात किल्ले शिकवले. वारा कुठल्या गालावर लागतो हे मी एकाही पोराला कधी विचारलं नव्हतं.

खाली मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव चालू होता. तिथे तात्यांनी विचारलं, "ताई, हितं तांबडा-पांढरा मिळतोय काय?"

"मिळतो की," ती म्हणाली. "कोल्हापूरला. आज मासे खायचे."

तात्या हसले. अक्कांना मात्र मासळीच्या वासाने मळमळायला लागलं होतं. जैन बाई, जन्मात कधी मासळीबाजारात गेलेली नाही. मंगलाताईच्या ते आधी लक्षात आलं. तिने पिशवीतून लिंबू काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि काही न बोलता गटाला वाऱ्याच्या उलट्या बाजूने नेलं. दुपारी अक्कांसाठी कांदा-लसूण नसलेलं जेवण एका घरी सांगून ठेवलेलं होतं. आम्हाला ते सांगायचं सुचलं नव्हतं. तिने आदल्या दिवशी फोन करून विचारून घेतलं होतं म्हणे.

थिबा राजाचा राजवाडा दाखवताना राजाबद्दल ती थोडंच बोलली. परक्या मुलखात कैदेत आणून ठेवलेला राजा — सगळे गाईड तिथे गहिवरतात. ती जास्त बोलली त्या घरी पाणी भरणाऱ्यांबद्दल, दूध घालणाऱ्यांबद्दल. "राजाचं लिहिलेलं आहे, ते तुम्ही वाचाल," ती म्हणाली. "यांचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगते." आणि प्रत्येक गोष्टीला ती आधी सांगायची — हे कागदावर आहे, हे मी म्हाताऱ्यांकडून ऐकलं, हे माझा अंदाज. तीन वेगळे ढीग. एकदाही तिने एका ढिगातलं दुसऱ्यात टाकलं नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगतो, हे मला स्वतःला कधी जमलं नाही. मी सगळं एकाच सुरात सांगायचो, ठणकावून.

मला ती आवडली होती. म्हणजे मान वाटला होता. हे लक्षात ठेवा — मी पुढे जे केलं ते तिला कमी लेखून केलेलं नाही. तिची योग्यता मला पुरेपूर कळलेली होती. कळूनच केलं.

चारच्या सुमाराला आम्ही मांडवीला आलो. धक्क्याच्या पायऱ्यांवर तिने आम्हाला बसवलं. ओहोटी लागली होती. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी पाणी एका जागी पांढरं फुटत होतं. तिने बोट दाखवलं. "तिथे खाली वाळूचा उंचवटा आहे. भरतीला होडी वरून निघून जाते. ओहोटीला तोंड घासतं."

मग म्हणाली, "आता जे सांगते ते ऐकीव आहे. आणि माझ्या घरचं आहे. म्हणून जरा सावधपणे ऐका."

तिच्या आजोबांचं नाव धोंडू. तांडेल, म्हणजे होडी चालवणाऱ्यांचा मुख्य. त्यांचा पडाव होता — किनाऱ्यावरचा माल बाहेर उभ्या जहाजापर्यंत नेणारी रुंद होडी. कोल्हापूरकडून बैलगाड्या घाट उतरून यायच्या, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घेऊन. जाताना मीठ, सुकी मासळी, नारळ, कौलं न्यायच्या. एकदा वळवाचं आभाळ आलेलं असताना गाड्या आल्या. गूळ उघड्यावर राहिला तर भिजणार. धोंडू तांडेल गाडीवानांना म्हणाला, निम्माच भरा, मी दुसरी होडी बघून येतो. तो खाडीकाठाने गेला. दुसरी होडी जागेवर नव्हती, मालकही नव्हता. तो परत येईपर्यंत गाडीवानांनी सगळा माल भरला होता आणि त्याच्या धाकट्या भावाला, गणूला, होडी सोडायला लावली होती. तो आला तेव्हा होडी उंचवट्यापाशी बुडाली होती. गणू गेला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं.

"गाडीवानांनी सांगितलं, तांडेल पिऊन पडला होता, म्हणून पोरगा एकटा गेला," मंगलाताई म्हणाली. "आजोबांना परत कुणी होडी दिली नाही. जन्मभर दुसऱ्यांची जाळी शिवत बसले. शिमग्याला पोरं आमच्या दारासमोर येऊन झिंगलेल्या तांडेलाचं सोंग करायची. मी लहान होते. आजोबा उठून आत जायचे. मला एवढंच म्हणाले होते — मी दुसरी होडी बघायला गेलो होतो. ते खरं की खोटं, सांगणारं आता कुणी नाही."

सांगणारं कुणी नाही. आणि मी तिच्यापासून चार पायऱ्या वर बसलो होतो.

आता माझ्या वडिलांबद्दल लिहायला हवं. किती टाळलं मी — बघा, इतकी पानं झाली.

माझे वडील गाडीवान होते. ज्ञानू. उचगावात त्यांना ज्ञानू गाडीवान म्हणूनच ओळखत. माणूस सरळ, कुणाला वाकडा शब्द नाही, बैलाला कधी आर टोचली नाही. त्यांच्या मेहनतीवर मी शिकलो. लहानपणी त्यांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकलं होतं — मांडवीवर एक तांडेल दारू पिऊन पडला, आणि भरलेली होडी बुडाली. ती गोष्ट मला इतकी पाठ होती की शिक्षक झाल्यावर मी वर्गात सांगायचो. व्यसनाचे परिणाम. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. किती वर्षं सांगितली असेल? पंधरा तरी. किती पोरांनी ती आपल्या घरी सांगितली असेल?

मग आम्ही घर बदललं. वडील तेव्हा खूप थकले होते, अंगणात बाजेवर बसून असायचे. मी हातगाडीवर पुस्तकांच्या पेट्या रचत होतो. ते म्हणाले, "फुडं टाक वजन. उलाळंल." म्हणजे मागे भार झाला तर गाडीचं तोंड वर उचलेल. मी पेट्या पुढे सरकवल्या. त्यांनी ते पाहिलं. मग जे बोलले ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण ते मी विसरलेलो नाही.

"आमी ती होडी गाडीगत भरली. फुडं वजन. गाडीला चढ आला की फुडं वजन लागतंय. पान्याचं काय ठावं आमास्नी? तांडेल म्हणला हुता निम्मंच भरा, दुसरी होडी बगून येतो. आभाळ आलतं. पोरगं न्हाय न्हाय म्हणत हुतं. आमी म्हणलो, भावाला भितोस व्हय रं, बांगड्या भर. मग त्यानं सोडली. वाळूला तोंड लागलं आन् थेट नाकावर गेली."

मी विचारलं, "आणि तांडेल?"

"त्यो पेलेला नव्हता. आमी म्हणलो पेलेला हुता."

"पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"मीच."

एवढंच. त्यानंतर ते त्यावर कधी बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. पण माणूस चाळीस-पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं मुलाला सांगतो ते कशासाठी? आणि मी काय केलं? वर्गात ती गोष्ट सांगायचं बंद केलं. बस्स. पोरांना कधी म्हणालो नाही की आधीची गोष्ट खोटी होती. रत्नागिरीला एक पत्र टाकलं नाही. तांडेलाचं नाव मला ठाऊक नव्हतं, ही एक सबब होती. त्या दिवशी मांडवीच्या पायरीवर तीही संपली.

मंगलाताईचं बोलणं संपलं. मग तात्यांचा आवाज चढला. "म्हंजे आमच्या मान्सांनी मारलं म्हणा की त्या पोराला. आन् वर कुभांड घातलं. काय ताई, पावण्यांस्नी बोलवून असलं ऐकवताय?"

"मी ऐकीव म्हणूनच सांगितलं, काका."

"ऐकीव काय, कुनीबी कायबी म्हणंल. आमच्याकडची मानसं येडी-वाकडी असत्याल, पन लबाड न्हाईत."

तेव्हा शांताक्का माझ्याकडे वळल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट त्या मंगलाताईच्या बाजूने बघत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं वडील गाडीवान हुतं न्हवं? बंदरावर जायचं म्हणून तुमीच सांगितलं हुतं एकदा. त्यास्नी कायतरी ठावं असल की."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंगलाताईनेही पाहिलं. तो चेहरा — कसं सांगू? आशा नव्हती त्यात, तेवढी ती साधी नव्हती. पण ती ऐकायला थांबली होती. तिच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवसाच्या जवळ असलेल्या माणसाचा मुलगा तिच्यासमोर बसलेला होता, आणि एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

मी म्हणालो, "आमचे वडील मलकापूरपर्यंतच जायचे, अक्का. घाट त्यांनी कधी उतरला नाही."

इथे थांबलो असतो तर निदान ते भित्रेपण राहिलं असतं. पण मी थांबलो नाही. लोक बघत होते, आणि मला मास्तर व्हायची सवय होती. मी चष्मा पुसला आणि म्हणालो की याला कागदोपत्री आधार काही दिसत नाही, अशा घरगुती कथा प्रत्येक बंदरावर असतात, आपल्या माणसाला निर्दोष ठरवण्यासाठी त्या तयार होतात. आणि मी स्वतः ही हकिगत वेगळी ऐकली आहे.

"कशी?" तात्यांनी विचारलं.

"तांडेल प्यालेला होता, अशी."

म्हणजे वडिलांनी जे खोटं भीतीने उच्चारलं होतं, विशी-पंचविशीच्या वयात, समोर प्रेत असताना — ते मी सत्तरीला टेकलेला असताना, पोटभर जेवून, पायरीवर आरामात बसून उच्चारलं. तेच वाक्य. फरक इतकाच की त्यांच्या वाक्याला पुरावा नव्हता, आणि माझ्या वाक्यामागे पस्तीस वर्षांची मास्तरकी होती.

मंगलाताई चिडली नाही. म्हणाली, "ती पण इथे सांगतात, सर. तीच जास्त सांगतात." मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, चला, वाळूत काळा भाग जास्त तापतो, चपला काढू नका. शेवटपर्यंत तिने तितक्याच आपुलकीने आम्हाला फिरवलं. बसपाशी सोडताना अक्कांचा हात धरून त्यांना पायरी चढवली.

घाट चढताना बसमध्ये तात्या दोनदा म्हणाले, मास्तर होते म्हणून बरं, न्हाईतर तोंडात मारल्यागत झालतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. हाच तो घाट. ज्ञानू गाडीवान कितीदा उतरला होता, बोटांवर मोजता येणार नाही इतक्या वेळा.

आणि एवढ्यावर भागलं नाही. आठवड्याभराने सहलवाला घरी आला. तात्यांनी तक्रार केली होती. म्हणाला, सर, तुम्ही इतिहासाचे, तुमचं मत दोन ओळीत लिहून द्या, म्हणजे मला तिकडे बोलता येईल. मी लिहून दिलं. सुवाच्य अक्षरात. "मांडवी येथे सांगितली जाणारी पडावाची कथा निराधार असून ती वगळणे इष्ट." खाली सही. निराधार. एकच आधार जगात शिल्लक होता आणि तो ही अक्षरं काढत होता.

पुढे कळलं की सहलवाल्याने तिला सांगितलं, ती गोष्ट सोड, बाकी सगळं ठेव. ती म्हणाली, मग सगळंच सोडते. त्याचे गट बंद झाले. तिच्याकडे येणाऱ्या मराठी गटांपैकी बहुतेक त्याचेच होते. ती एका शाळेत पोषण आहार शिजवायला लागली. आजोबांना वगळून बंदर दाखवायचं तिला जमलं नाही — बाकी सगळ्या दिवसाची कमाई सोडणं जमलं. असं मी माझ्या वडिलांसाठी कधी काही सोडलं आहे का? मी तर त्यांना मलकापुरातच थांबवलं.

हे कळल्यावर, त्या सहलीनंतर तीन वर्षांनी, मी एकटाच रत्नागिरीला गेलो. सांगायचंच, असं ठरवून. शाळेला सुट्टी असली की ती स्वतःहून चार-पाच माणसं घेऊन फिरवते, असं लॉजवाल्याने सांगितलं. मी चारच्या सुमाराला मांडवीला जाऊन उभा राहिलो. ती आली. केस बरेच पांढरे झाले होते. बरोबर कॉलेजातल्या दोन मुली आणि एक नवरा-बायको. तिने मला ओळखलं. लगेच. म्हणाली, "सर, उन्हात का उभे? या, बसा ना आमच्यात." पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

मी बसलो. तिने धोंडू तांडेलाची गोष्ट सांगितली. तशीच, तेच शब्द, तीच सावधगिरी. आणि शेवटी म्हणाली — माझं नाव न घेता, माझ्याकडे न बघता — "कोल्हापूरचे एक जाणकार इतिहासाचे शिक्षक इथे आले होते. त्यांचं म्हणणं, याला आधार नाही, आणि तांडेल प्यालेला होता असंच त्यांनी ऐकलं आहे. तेही तुम्हाला सांगायला हवं, म्हणून सांगते. दोन्ही ऐका. मग तुमचं तुम्ही ठरवा."

तीन वर्षं ती माझं खोटं सांगत होती. प्रत्येक गटाला. न्यायाने वागायचं म्हणून. स्वतःच्या आजोबांविरुद्ध.

मी काय केलं? बाटलीतलं पाणी प्यायलो, आभार मानले, आणि संध्याकाळची एसटी पकडून परत आलो. या वेळी समोर तात्या नव्हते. मान जाण्याची भीती कुणापुढे होती? त्या दोन मुलींपुढे? मला अजून नीट सांगता येत नाही. मला वाटतं, माझ्यावर कुणी इतका विश्वास ठेवला आहे हे पाहिल्यावर तो मोडायला आणखी मोठी छाती लागते, आणि माझ्याकडे छोटीही नव्हती.

त्यालाही आता दहा वर्षं होत आली. तात्या गेले. अक्का गेल्या. मी पुन्हा रत्नागिरीला गेलो नाही.

गेल्या महिन्यात फोन आला. मंगलाताईची भाची. म्हणाली, आत्याचे गुडघे गेले, आता तिला फेरी करता येत नाही, म्हणून तिची सगळी फेरी आम्ही लिहून काढतो आहोत, छोटं पुस्तक करणार आहोत. "मांडवीच्या गोष्टीला तुमचं म्हणणंही छापायचं, असं आत्या म्हणते. तुमच्या शब्दांत हवं म्हणते, तिच्या शब्दांत नको, चुकीचं जायला नको. दोन ओळी लिहून द्याल का, सर?"

मी हो म्हणालो. त्या दोन ओळींसाठी मी पाच दिवस कागद घेऊन बसलो होतो. त्या लिहिता लिहिता हे सगळं झालं. पहिल्यांदा मी असं लिहिलं की नवीन माहिती उजेडात आल्यामुळे माझं मत बदललं आहे. ते फाडलं. नवीन माहिती कसली? मग लिहिलं, ‘वडिलांच्या त्या वेळच्या वयाचा विचार करता...’ तेही फाडलं. माझ्या मुलाला काल वाचून दाखवायचं होतं, त्याच्या आजोबांचं नाव त्यात आहे म्हणून. त्याने विचारलं, हे आत्ता का काढता, आबा? मी म्हणालो, काढत नाही, परत ठेवतो आहे जिथलं होतं तिथे. त्याने ऐकून घेतलं नाही. वाचलंही नाही. त्याचा तो हक्क आहे.

आता हे सगळं पाकिटात घालून मी पोस्टात टाकतो आहे. दोन ओळी वेगळ्या कागदावर आहेत; दोनाच्या जास्त झाल्या. छापायच्या की नाही, माझं नाव ठेवायचं की काढायचं, पुढे मला कुणी काय म्हणायचं, हे मंगलाताईने ठरवावं. त्या ओळी अशा —

धोंडू तांडेल त्या दिवशी प्यालेला नव्हता. तो दुसरी होडी बघायला गेला होता, आणि तसं सांगून गेला होता. पडाव गाडीवानांनी भरला, गाडीसारखा, पुढे वजन टाकून, आणि गणूला टोचून बोलून सोडायला लावला. तांडेल प्यालेला होता हे प्रथम ज्ञानू गाडीवान, राहणार उचगाव, याने सांगितलं. ते खोटं होतं. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, आणि मला ते ठाऊक असताना मी मांडवीवर तेच खोटं पुन्हा सांगितलं आणि लिहूनही दिलं. ज्ञानू गाडीवान माझे वडील. ते घाट उतरायचे. त्या दिवशी ते मांडवीवर होते.